साल शेवटी वाचा: जुन्या नाण्यावरचं बदललेलं साल ओळखायचं कसं

माळेगावच्या यात्रेत मी घोडे बघायला गेलो होतो आणि येताना खिशात एक रुपया घेऊन आलो. लोहा तालुक्यातली ही खंडोबाची यात्रा जनावरांच्या बाजारासाठी नावाजलेली. पण तिथंच एका कडेला चादर अंथरून एक जण जुनी नाणी मांडून बसला होता. ढब्बू पैसे, भोकाचे पैसे, राणीछाप रुपये, निजामाचे चारमिनारवाले हाली रुपये. त्यानं कागदाच्या पुडीतून सहाव्या जॉर्जचा एक रुपया काढला. "साहेब, साल बघा. १९३९. हे कुणाकडंच नसतंय." सहाव्या जॉर्जच्या रुपयांत १९३९ चा रुपया दुर्मीळ आहे, एवढं मी वाचलेलं होतं. तेवढंच वाचलेलं होतं, हीच अडचण. साडेतीन हजार मोजून मी मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी परभणीत ओळखीच्या सराफकाकांकडं गेलो. त्यांनी रुपया बोटाच्या टोकावर तोलला, दुसऱ्या नाण्यानं कडेला हलकीच टिचकी मारली, काट्यावर टाकला आणि म्हणाले, "बंदा रुपया हाय बाबा." मी खूश. मग त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि जरा वेळ बोललेच नाहीत. "ह्यातला आधीचा नऊ अन् शेवटचा नऊ, एका घरचे दिसत न्हाईत."

भिंग माझ्या हातात आलं तेव्हा मलाही दिसलं. आधीच्या नऊची शेपटी भरदार, गोलाई एकसारखी. शेवटच्या नऊची शेपटी मधेच बारीक झालेली आणि तिच्या डाव्या बाजूला सपाट जागेवर दोन बारीक ओरखडे. इंग्रजी आठाचा खालचा गोल डाव्या बाजूनं खरवडला की नऊ होतो. माझा रुपया १९३८ चा होता. चांदी खरी, टांकसाळ खरी, खोटा फक्त एक आकडा.

नवीन माणसानं इथं एक फरक डोक्यात पक्का करावा. बनावट नाणं वेगळं आणि साल बदललेलं खरं नाणं वेगळं. बनावट नाणं वजनात सापडतं, आवाजात सापडतं, काठावर सापडतं. साल बदललेलं नाणं या सगळ्या परीक्षा पास होतं, कारण ते खरंच असतं. १९३८ आणि १९३९ या दोन्ही रुपयांचं वजन तेच, चांदी तीच, काठही तसाच दातेरी. काट्यानं काय सांगावं? म्हणून दोन्ही तपासण्या वेगवेगळ्या कराव्या लागतात. आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आपण नाणं हातात आलं की आधी साल वाचतो, ते पसंत पडलं की मन आधीच विकत घेऊन बसतं, आणि मग बाकीचं नाणं आपण बघतच नाही. मी आता साल शेवटी वाचतो.

जवळ काय असावं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, घड्याळजी किंवा सराफ वापरतात तसलं. त्याहून जास्त पॉवरच्या मागं लागू नका. वीसपट भिंगात नाण्याचा फारच लहान भाग दिसतो आणि हात थरथरतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा. एक टॉर्च. व्यास मोजायला व्हर्नियर. लोहचुंबक ठेवा, पण त्याच्यावर फार विसंबू नका. बनावट नाणी सगळीच लोखंडाची नसतात. उलट १९४७ चा मागं वाघ असलेला रुपया शुद्ध निकलचा आहे आणि तो खरा असूनही चुंबकाला चिकटतो. आमच्या एका मित्रानं याच कारणानं खरा रुपया खोटा म्हणून भावाच्या मुलाला खेळायला दिला होता.

सगळ्यात उपयोगी हत्यार मात्र दुकानात मिळत नाही. स्वस्तातले, झिजलेले, पण नक्की खरे असे चार-पाच रुपये जवळ असू द्या. पाचव्या जॉर्जचा १९१८ चा रुपया ढिगानं सापडतो. घरातल्या देव्हाऱ्यात, लक्ष्मीपूजनाच्या ताटात आजीनं जपलेला एखादा असेलच. तो रोज हाताळा. बोटांना खऱ्याची सवय झाली की खोटं आपोआप खुपायला लागतं.

साल झाका आणि बाकीचं नाणं वाचा

सालावर अंगठा ठेवा किंवा कागदाचा तुकडा लावा. आता विचारा: डोकं कुणाचं? नाव काय लिहिलंय? काठ कसा? टांकसाळीची खूण कुठं? एवढ्यावरून या नाण्यावर कुठली सालं *असू शकतात* ते ठरवा. मग अंगठा काढा. साल त्या यादीत बसत नसेल तर भिंगाचीही गरज नाही.

ब्रिटिश रुपयाची यादी सोपी आहे. आपल्याकडं त्याला कलदार म्हणायचे. कंपनी सरकारचा एकसारखा रुपया १८३५ पासून, चौथ्या विल्यमच्या नावानं. त्यानंतर राणी व्हिक्टोरियाचा रुपया १८४० सालाचा, आणि गंमत म्हणजे हेच साल पुढं १८६२ पर्यंत गोठवून ठेवलं होतं. १८६२ चा नवा रुपया आला आणि तेही साल १८७४ पर्यंत तसंच राहिलं. दरम्यान कुठल्या वर्षी पाडला ते बारीक ठिपक्यांवरून ओळखायचं. म्हणजे व्हिक्टोरियाचा १८५७ चा रुपया नावाची वस्तू नाही. बंडाच्या सालाचा रुपया म्हणून कुणी दाखवला तर हसून पुढं चला. (१८५७ चा तांब्याचा पाव आणा आहे, त्याच्याशी गल्लत करू नका.) १८७७ पासून नावापुढं 'क्वीन'च्या जागी 'एम्प्रेस' आलं. १८९० चं साल आणि नाव 'क्वीन', तर ते नाणं दोन वेगवेगळ्या डोक्यांतून निघालंय. सातव्या एडवर्डचे चलनी रुपये १९०३ ते १९१०. पाचव्या जॉर्जचे १९११ ते १९२२. त्यातल्या १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि बोंब झाली, म्हणून तो परत घेतला गेला.

पाचव्या जॉर्जच्या रुपयात एक बारकावा आहे. १९२१ आणि १९२२ ही सालं कमी सापडतात, आणि त्या दोन्ही वर्षी रुपये फक्त मुंबईच्या टांकसाळीत पडले. मुंबईची खूण म्हणजे मागच्या बाजूला खाली कमळाच्या फुलाजवळ उठावाचा एक बारीक ठिपका. कलकत्त्याच्या रुपयावर ठिपका नाही. १९२० चे रुपये दोन्हीकडचे. आता समजा १९२२ चं साल आहे आणि फूल कोरं आहे, ठिपक्याचा मागमूस नाही. फूल झिजून सपाट झालेलं नसेल तर शेवटच्या दोनवर शंका घ्या. साल बदलणाऱ्याचं लक्ष सालावर असतं, मागच्या बाजूचा ठिपका तो विसरतो.

आणि देवांची नाणी. राम-लक्ष्मण-सीता, हनुमान, कमळ, आणि वर इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, साल १६१६, १७१७ किंवा १८१८. आपल्या भागात असं नाणं नसलेलं गाव विरळा. प्रत्येक घरात त्याची एक कथा असते आणि लाखांची आशा. ही चलनी नाणी नव्हेतच, मागाहून पाडलेली देवदेवतांची टोकन आहेत. विचार करा: १७१७ मध्ये कंपनीला मुंबईत रुपये पाडायची परवानगी मिळाली ती मोगल बादशहा फर्रुखसियरकडून, आणि ते रुपये पडले बादशहाच्या नावानं, फारसीत. त्या काळी इंग्रजी अक्षरात हनुमान कोण छापील? जादूनं तांदूळ ओढून घेणारं नाणं म्हणून विकणाऱ्या गंडवणाऱ्यांची आवडती वस्तूही हीच.

शिवकालीन शिवराईवर सालच नसतं. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' एवढंच. राज्याभिषेकाचं १६७४ हे साल कोरलेली शिवराई कुणी दाखवली तर तो आकडा शोभेचा समजा. तेर-पैठणकडं सापडणाऱ्या सातवाहन नाण्यांचंही तेच, त्यावर साल नाही. तेरच्या सरकारी संग्रहालयात जाऊन ती एकदा डोळ्यांखालून घाला, म्हणजे बाजारातली नवी-कोरी सातवाहन नाणी बघून हसू येईल.

हाली सिक्का: इथं सालाला दोन साक्षीदार असतात

मराठवाड्यात जुनी पेटी उघडली की कलदारापेक्षा हाली जास्त निघतात. निजामाचं स्वतःचं चलन होतं. सात हाली रुपये दिले की सहा कलदार मिळायचे. वजन ११.१८ ग्रॅम, चांदी सुमारे ८२ टक्के. कलदार ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि चांदी जवळपास ९२ टक्के. जुनी माणसं 'रुपयाभार' म्हणतात ते या कलदारावरून.

हालीवरचे आकडे फारसी, आणि आपल्यातल्या बहुतेकांना ते वाचता येत नाहीत, म्हणून फसवणूक इथं जास्त सोपी. पण शिकायला एक संध्याकाळ पुरते. लिपी उजवीकडून डावीकडं जात असली तरी आकडे आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडं वाचायचे. एक म्हणजे उभी रेघ. दोन म्हणजे उभ्या रेघेला वरून एक आकडी, तीन म्हणजे दोन आकड्या, जणू दंताळ्याचे दात. शून्य म्हणजे नुसता ठिपका. सात म्हणजे वर तोंड उघडलेला चिमटा, आठ म्हणजे तोच चिमटा उलटा. ही ओळख झाली की धोका कुठं आहे तेही कळतं: एकाला दात जोडला की दोन किंवा तीन होतो, आणि ठिपका खरवडणं किंवा उठवणं हे हातातलं काम आहे. सात-आठची गडबड मात्र बहुतेक वेळा आपण नाणं उलटं धरल्यामुळं होते. विकणाऱ्यावर ओरडण्याआधी नाणं फिरवून बघा.

अजून एक आकडा नवख्याला चकवतो: ९२. हैदराबादच्या नाण्यांवर तो सर्रास असतो आणि लोक त्याला साल समजतात. ते साल नव्हे. 'मुहम्मद' या नावाच्या अक्षरांची अंकांतली बेरीज ९२ येते, म्हणून ती घातलेली आहे.

आता साक्षीदार. हालीवर एका बाजूला हिजरी साल असतं आणि दुसऱ्या बाजूला जुलूस साल, म्हणजे निजाम गादीवर आल्यापासूनचं वर्ष. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान १९११ मध्ये, हिजरी १३२९ मध्ये गादीवर आले. त्यामुळं त्यांच्या रुपयावरच्या हिजरी सालातून जुलूस साल वजा केलं की उत्तर १३२९ च्या आसपास यायला हवं. १३४२ सालाच्या रुपयावर जुलूस १३: बरोबर. १३४३ वर १४: बरोबर. एखाद्या वर्षाचा फरक चालतो, कारण जुलूस वर्ष हिजरी वर्षाच्या मधे सुरू होतं. शेवटच्या सालांत फरक आणखी थोडा सरकतो. पण वजाबाकी १३२० किंवा १३४० आली, तर एका बाजूला कुणाचा तरी हात लागलाय. साल बदलणारा सहसा एकच बाजू बदलतो.

तिसरा साक्षीदार चारमिनारच्या कमानीत उभा असतो. कमानीत फारसी 'मीम' अक्षर असेल तर नाणं आधीचे निजाम महबूब अली खानांचं, 'ऐन' असेल तर उस्मान अली खानांचं. चारमिनारची नाणी हिजरी १३२१ च्या सुमारास सुरू झाली. म्हणजे कमानीत मीम आणि साल १३४०, असं जुळूच शकत नाही. चारमिनार आणि साल १३०५, तेही नाही. माझ्या आजीच्या पेटीत पाच हाली होते. ही तपासणी पाचही नाण्यांवर दहा मिनिटांत होते आणि हात बसून जातो.

हिजरीचं इसवी सन काढायला सालाला ०.९७ नं गुणा आणि ६२२ मिळवा. १३४२ चं उत्तर १९२३-२४ येतं. फसली सनाशी घोटाळा करू नका. जुन्या सातबारावर आणि दस्तांवर फसली असतो, त्यात ५९० मिळवायचे असतात. नाण्याला तो हिशोब लावला तर साल सात-आठ वर्षं पुढं जातं.

चारमिनारच्या आधीचे हातानं पाडलेले हाली आणि मोगल रुपये यांचं दुखणं वेगळं. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळं सालाचा निम्मा भाग अनेकदा नाण्याबाहेरच गेलेला असतो. औरंगाबाद टांकसाळीचा, म्हणजे 'खुजिस्ता बुनियाद' नावाचा, औरंगजेबाचा रुपया पूर्ण सालासह मिळाला तर लोक जास्त पैसे देतात. म्हणून कडेला अर्धवट राहिलेला आकडा कोरून पुरा करण्याचे प्रकार होतात. इथंही जुलूस कामी येतो. औरंगजेबाचं पहिलं जुलूस वर्ष हिजरी १०६८ मधलं, म्हणजे वजाबाकी १०६७-६८ यायला हवी. कडेवरचा आकडा नाण्याच्या काठापर्यंत जाऊन तुटलेला असावा. काठाच्या आत नीटनेटका संपत असेल तर तो नंतरचा.

वजन आणि पाणी

काट्यावर टाका. झिजलेला कलदार ११.४ पर्यंत भरला तर चिंता नको. कोरा करकरीत दिसतोय आणि ११ सुद्धा भरत नाही, तर परत द्या. जड भरला तरी परत द्या. झिजून नाणं जड होत नाही.

वजन बरोबर असूनही धातू दुसरा असू शकतो. त्यासाठी पाण्याचा काटा. काट्यावर पाण्याचा छोटा ग्लास ठेवा, आकडा शून्य करा, नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला-कडेला टेकणार नाही असं लोंबकळत धरा. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढं पाणी नाण्यानं बाजूला सारलं. कलदाराला हा आकडा १.१३ च्या आसपास येतो, हाली रुपयाला १.१० च्या. जर्मन सिल्व्हरचा (नावात चांदी, पण आत चांदी नसलेला मिश्रधातू) तेवढ्याच वजनाचा रुपया १.३ च्या पुढं जातो. नाण्याला चिकटलेले बुडबुडे आधी बोटानं झटका, नाहीतर खरा रुपयाही खोटा ठरेल. १९४० ते १९४५ च्या रुपयांना हे आकडे लावू नका, त्यात चांदी निम्मीच आहे.

आवाजाची परीक्षा सराफकाकांसारखी बोटावर तोलून करा. फरशीवर आपटू नका. खणखणीत आवाज लांबतो, ओतलेल्याचा 'टक' होऊन मरतो. अपवाद एक: लमाणी बायकांच्या गळ्यातल्या माळेतून आलेला रुपया. त्याला कडी डाखलेली असते, ती काढून घासलेली असते, आणि डाग राहिला की आवाज बसतो. कडीची जागा सालाशेजारी आली तर घासताना आकडाही जातो. अशा नाण्याचं साल 'दुरुस्त' केलेलं अनेकदा दिसतं. तेव्हा काठावर बाराच्या आणि सहाच्या जागी चांदीचा वेगळा रंग शोधा.

काठ सावकाश फिरवत बघा. कंगोरे एकसारखे हवेत. मधोमध बारीक शिवण किंवा कानशीचा पट्टा दिसला तर दोन अर्धे जोडलेत किंवा साच्यात ओतलंय. १९३८-३९ चा रुपया दातेरी. १९४० पासूनच्या निम्म्या चांदीच्या रुपयांना काठाच्या मधे खाच असलेली सुरक्षा-कड आली, खोटे रुपये पाडणं अवघड व्हावं म्हणून. म्हणून १९४० नंतरचं नाणं घेऊन त्याचं १९३९ केलं असेल तर काठच चुगली करतो. माझ्या विक्रेत्याला हे माहीत असावं. त्यानं १९३८ निवडला.

आता अंगठा काढा

खिडकीपाशी बसा, वरची ट्यूब बंद करा. टॉर्च नाण्याच्या पातळीत, जवळजवळ आडवी धरा, म्हणजे उठावाची सावली लांब पडते. भिंग डोळ्याशी चिकटवा आणि नाणं भिंगाकडं आणा; भिंग नाण्याकडं नेऊ नका. मग नाणं हळूहळू पूर्ण गोल फिरवा.

आकड्याआधी आकड्याभोवतीची जमीन बघा. साडीची जमीन आणि काठ असतो ना, तसंच. ठशाखाली दाबलेल्या नाण्याची जमीन अखंड असते, आणि न झिजलेल्या नाण्यावर चमक पंख्याच्या पात्यासारखी गोल फिरत जाते. शेवटच्या आकड्याजवळ येऊन ती चमक अडखळली, तिथं मंद ठिपका दिसला, खड्डा दिसला, एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसल्या, तर तिथं हत्यार फिरलंय. चलनात पडलेले ओरखडे वाटेल त्या दिशेनं, नाणंभर जातात. हत्याराचे ओरखडे आकड्याजवळ येऊन थांबतात.

रंगही बघा. जुन्या चांदीवर काळपट-तपकिरी झाक चढते. ती सगळीकडं आहे आणि नेमकी शेवटच्या आकड्याभोवती नाही, किंवा तिथंच जरा जास्त काळी फासलेली आहे, तर विचारा का.

मग आकड्याचं बूड. ठशातून उठलेला आकडा जमिनीतून टेकडीसारखा वर येतो, उतार सलग असतो. चिकटवलेल्या आकड्याच्या बुडाशी बारीक भेग दिसते, कधी तिथं गोंदाचा पिवळट थर. नाणं तुमचं असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये काही तास ठेवा (चुलीपासून लांब, खिडकी उघडी ठेवून). ॲसिटोन धातूला काही करत नाही, बहुतेक गोंद मात्र सोडवतो. नेलपॉलिश काढायचं रंगीत द्रावण वापरू नका, त्यात बाकीचं बरंच काही असतं.

खरवडणं आणि चिकटवणं सोडून तिसरा प्रकार आहे ढकलण्याचा, आणि तो सगळ्यात अवघड. बाजूची चांदी टोकदार हत्यारानं सारून सारून आकड्याला नवा हात-पाय काढतात. यात काही जोडलेलं नसतं, म्हणून भेग नाही. पण धातू जिथून ढकलला तिथं खोलगट वाट राहते, आणि नवा भाग जुन्या भागापेक्षा ठेंगणा राहतो. आडव्या उजेडात दोघांच्या सावल्यांची लांबी सारखी नसते. तेच बघायचं.

शेवटी आकड्याला त्याच्या भावंडांशी भेटवा. १९३९ मध्ये दोन नऊ आहेत, १९२२ मध्ये दोन दोन. उंची, जाडी, झीज, शेपटीचं वळण ताडून बघा. एका नाण्यावरचे दोन नऊ बरोबरच झिजले पाहिजेत. एक सपाट आणि दुसरा धारदार, असं होत नाही. सालात जोड आकडा नसेल तर तुमच्याकडच्या खात्रीच्या नाण्याशी ताडा. मोबाइलचा कॅमेरा भिंगाला लावून दोन्हीचे फोटो काढा आणि शेजारी ठेवा. मी पुष्कळदा फोटो उलटा करून बघतो. उलटा आकडा आपण वाचत नाही, नुसता आकार बघतो, आणि खोट लगेच दिसते.

टांकसाळीची करामत

सालात गडबड दिसली म्हणजे लगेच लबाडी असं नाही. टांकसाळी जुना ठसा फेकून न देता त्यावरच नवा आकडा ठोकत. मग नाण्यावर नव्या आकड्याच्या आडून जुन्याची कड डोकावते. ते नाणं खरं, आणि हौशी लोक त्याला जास्त किंमत देतात. फरक एवढाच: टांकसाळीच्या सालावर-साल प्रकारात दोन्ही आकडे उठावाचे असतात आणि भोवतीची जमीन स्वच्छ असते. हातानं केलेल्या बदलात कुठं तरी धातू *गेलेला* असतो. ठशात तेल-कचरा भरल्यामुळं आकडा अर्धाच उठतो, तोही दोष खराच.

ओतीव बनावट नाणी ओळखणं त्यामानानं सोपं. अक्षरांच्या कडा साबण वापरून गुळगुळीत व्हाव्या तशा, आणि जमिनीवर रव्यासारखे दाणे किंवा सुईच्या टोकाएवढे खड्डे. नव्या ठशांतून पाडलेली बनावट नाणी जास्त फसवतात. त्यांना पकडायची युक्ती: एकाच विक्रेत्याकडची दोन 'दुर्मीळ' नाणी शेजारी ठेवा. दोन्हींवर त्याच जागी तोच ओरखडा, गालावर तीच खोच? दोन माणसांना एकाच जागी एकच जखम होत नाही.

बनावट नाण्यांचा आपला इतिहास मोठा आहे, हे जाता जाता. मुहम्मद तुघलकानं हिजरी ७३० ते ७३२ च्या दरम्यान तांब्या-पितळेची नाणी चांदीच्या भावानं चालवायचा घाट घातला, त्यातली काही आपल्या दौलताबादची. लोकांनी घरोघर टांकसाळी काढल्या आणि योजना बुडाली. त्या काळची खोटी नाणीसुद्धा आज संग्राहक जपून ठेवतात.

घेताना आणि सापडल्यावर

ऑनलाइन घेत असाल तर समोरून काढलेल्या सुंदर फोटोवर जाऊ नका. काठाचा फोटो, काट्यावर ठेवलेल्या नाण्याचा फोटो आणि तिरप्या उजेडात सालाचा फोटो मागा. द्यायला टाळाटाळ झाली की विषय संपला. पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून देणाऱ्या कंपन्यांच्या सीलबंद डबीतलं नाणं असेल तर डबीवरचा क्रमांक त्यांच्या साइटवर टाकून तिथला फोटो ताडा, कारण डब्याही नकली निघतात. तुमचं नाणं लाखांना घेतो, आधी फी भरा, असा रिझर्व्ह बँकेच्या नावानं फोन आला तर ठेवून द्या. बँकेनं २०२१ मध्येच जाहीर केलंय की तिचा असल्या व्यवहाराशी संबंध नाही.

जुन्या वाड्याच्या भिंतीत किंवा नांगरताना नाण्यांचा हंडा लागला तर ती नाणी बाजारात नेऊ नका. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे आणि दहा रुपयांच्या वर किमतीचा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनी नाणी परदेशी पाठवायलाही १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे.

आणि काहीही झालं तरी चिंच, राख, लिंबू, पितांबरी लावू नका. घासलेल्या नाण्यावर हत्याराचे ओरखडे आणि तुमचे ओरखडे एकमेकांत मिसळतात, मग भिंग लावूनही काही सांगता येत नाही.

माझा माळेगावचा रुपया अजून माझ्याकडं आहे. विक्रेता पुढच्या वर्षी यात्रेत दिसला नाही. रुपया कागदी पाकिटात ठेवलाय. मऊ प्लास्टिकच्या पाकिटातलं पीव्हीसी नाण्यावर हिरवट चिकटा धरतं, म्हणून कागदी. पाकिटावर पेन्सिलीनं लिहिलंय: '१९३८. शेवटचा आकडा बदललेला. ३५०० ला घेतला.' मी नसताना माझ्या मुलीनं तो १९३९ म्हणून कुणाला विकू नये, म्हणून किंमतही लिहून ठेवली.